मलिक अंबरचे शिर आणि मलिक अंबरचा चेहरा

डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात अबुल हसन या मोगल चित्रकाराच्या हातचे एक चित्र आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल एका बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहाने धनुष्य ताणले आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका आफ्रिकी पुरुषाचे कापलेले शिर रोवलेले आहे, आणि त्या शिरावर घुबड. वर ढगांतून युरोपीय चित्रांत असतात तशी गुबगुबीत देवबालके बादशहाला शस्त्रे पुरवीत आहेत. न्यायाचा तराजू टांगलेला आहे. गोलावर हिंस्र आणि गरीब जनावरे वैर विसरून शेजारी शेजारी बसली आहेत. मोकळ्या राहिलेल्या जागेत बारीक फारसी अक्षरांत बादशहाच्या बाणाची आणि न्यायाची स्तुती लिहिलेली आहे. भाल्यावरचे शिर मलिक अंबरचे. चित्र १६१६ च्या सुमाराचे मानले जाते.

चित्रात जे दाखवले आहे ते कधीही घडले नाही. मलिक अंबर १६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीच्या घरात, निजामशाहीची सूत्रे हाती असतानाच वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. त्याचे शिर मोगलांच्या हाती कधी लागले नाही, आणि जहांगीर व अंबर आयुष्यात एकदाही समोरासमोर आले नाहीत.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. चित्रकलेच्या इतिहासात अधिकार सांगण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हे चित्र पाहताना ते आम्हांला ओळखीचे वाटते, आणि ते वाङ्मयीन कारणाने. हे रंगांत लिहिलेले स्तुतिकाव्य आहे. जहांगीर या शब्दाचा अर्थच जग जिंकणारा, म्हणून तो पृथ्वीवर उभा. त्याचा दुसरा किताब नूरुद्दीन, म्हणजे धर्माचा प्रकाश. म्हणून शत्रू रात्रीचा, अंधाराचा, घुबडाचा. अंबरच्या त्वचेचा रंग इथे माणसाचा रंग राहत नाही, तो उपमान होतो. चित्रावरील फारसी मजकूरही हाच खेळ खेळतो: रात्रीच्या रंगाचा शत्रू, उजेडाला भिणारा पक्षी, आणि त्या पक्ष्याला जगातून घालवणारा बाण. जहांगीरच्या आत्मवृत्तात, महालाच्या माथ्यावर येऊन बसलेले एक घुबड आपण अंधारात बंदुकीने कसे टिपले याची मोठ्या समाधानाने केलेली नोंद आहे. घुबड मारता आले, अंबर मारता आला नाही; चित्रात दोघे एकत्र आले.

अबुल हसन हा हेरातहून आलेल्या आका रिझा या चित्रकाराचा मुलगा, जहांगीरच्या घरातच वाढलेला. त्याचे दुसरे एक प्रसिद्ध चित्र १६१८ च्या सुमाराचे आहे. त्यातही पृथ्वीचा गोल आहे, आणि गोलावर उभा राहून जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे. जहांगीर शाह अब्बासलाही कधी भेटला नव्हता. ते चित्र बादशहाला पडलेल्या स्वप्नाचे आहे, असे त्या चित्रावरच नमूद आहे. एकाच चित्रकाराने आपल्या धन्याच्या दोन इच्छा रंगवल्या, एक मिठीची आणि एक शिरच्छेदाची. प्रत्यक्षात दोन्ही उतरल्या नाहीत.

या इच्छेला १६१६ हेच साल का, याचे उत्तर मराठवाड्याच्या भूमीत आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांनी अंबरचा मोठा पराभव केला. मोगल फौजेचा नायक शाहनवाजखान होता. लढाईपूर्वी अंबरचे काही सरदार फुटून मोगलांना मिळाले होते, त्यांत आदमखान, याकूतखान यांसारखे हबशी होते तसेच जाधवराव, काटे ही मराठी नावेही होती. विजयी फौजेने अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या खडकीत शिरून नासधूस केली. (या खडकीची पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे झाली; अंबरने बांधलेल्या नहरीचे पाणी मात्र नाव न विचारता वाहत राहिले.) बातमी अजमेरला बादशहाकडे पोहोचली तेव्हा आता अंबर संपला असे दरबाराला वाटले असल्यास नवल नाही. तो संपला नाही. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम याने दक्षिणेत येऊन तह करवून घेतला व शाहजहान हा किताब मिळवला. तीन वर्षांत अंबरने तो तह झुगारून मुलूख परत घेतला आणि मोगलांना बऱ्हाणपुरापर्यंत रेटले. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर या दोघांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला, तोही तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी आणि चिखल करून. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले.

ज्याच्या शिरासाठी एवढा रंग खर्ची पडला तो माणूस कोण होता, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १५४८ च्या सुमारास दक्षिण इथिओपियात त्याचा जन्म झाला. मूळ नाव चपू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला, मोखा, बगदाद असा विकला जात राहिला. बगदादच्या मीर कासीम या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. मराठी विद्यार्थ्याला हा शब्द ऐकताच आकाश किंवा वस्त्र आठवते. त्या नावाशी या दोहोंचा संबंध नाही. अंबर हे समुद्रातून मिळणारे गडद रंगाचे, मोलाचे सुगंधी द्रव्य. काफूर, याकूत, अंबर अशी सुवासिक पदार्थांची आणि रत्नांची नावे गुलामांना ठेवण्याची त्या जगात रीतच होती. बाजारातल्या मालाला मालाचेच नाव. १५७० नंतरच्या काही वर्षांत अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले, आणि हा चंगेजखान स्वतः हबशीच होता. धनी वारल्यावर अंबर गुलामीतून मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे राहिला, तिथे त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि राज्य बुडाले असे सर्वांनी धरले, तेव्हा अंबरने परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य जिवंत ठेवले. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या आसपास लिहिले आहे की अंबरजवळ सुमारे १०,००० त्याच्या जातीचे आणि ४०,००० दक्खनी लढवय्ये होते. या दक्खन्यांत मराठा बारगिरांचा भरणा मोठा होता.

आता दुसरे चित्र पाहू. ते लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे, १६२० च्या सुमाराचे. चित्रकाराचे नाव हाशिम. मलिक अंबर एकटा उभा आहे, एका अंगाने दिसणारा. अंगात पांढरा, झिरझिरीत जामा. जवळ दक्खनी पद्धतीची लांब सरळ तलवार. भोवती दरबार नाही, घोडा नाही, देवदूत नाहीत, घुबड नाही. वय झालेले शरीर जड आहे. जबडा भक्कम आहे, नजर समोर कुठेतरी लांब लागलेली आहे. पांढऱ्या कापडावर काळी त्वचा उठून दिसते, पण इथे तो विरोध निंदेसाठी वापरलेला नाही. चित्रकाराने त्वचेच्या छटा, गालाचा उतार, मानेची जाडी इतक्या आस्थेने पाहिली आहे की आपण एका विशिष्ट माणसासमोर उभे आहोत याविषयी शंका राहत नाही. अबुल हसनच्या चित्रात शिर आहे. चेहरा हाशिमच्या चित्रात आहे.

हाशिमने दक्खनी व्यक्तींची अनेक चित्रे काढली, विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाचे आणि गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुतुबशहाचेही. तो स्वतः दक्खनेतून मोगल दरबारात गेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. तसे असेल तर अंबर त्याच्यासाठी ऐकीव राक्षस नव्हता. ज्या मुलखाचा तो होता त्या मुलखाचा कारभारी होता. पण हे चित्रही मोगल दरबारासाठीच काढलेले आहे, हे विसरता कामा नये. युद्ध चालू होते. जहांगीरने याच काळात इराणला वकिलात पाठवली तेव्हा तिच्यासोबत बिशनदास या चित्रकाराला धाडले होते, ते शाह अब्बासचा हुबेहूब चेहरा काढून आणण्यासाठी. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची पारख करण्याचे शास्त्र तेव्हा दरबारांत गांभीर्याने घेतले जात होते, आणि कोणते चित्र कोणाच्या हातचे हे पाहताक्षणी आपण ओळखतो अशी जहांगीरची प्रौढी होती. अशा राजाला शत्रूचे कापलेले शिर जेवढे हवे होते तेवढाच त्याचा खरा चेहराही हवा होता. एक मनाच्या समाधानासाठी, एक माहितीसाठी. दोन्ही चित्रे पुढे एकाच चित्रसंग्रहाची पाने झाली. हा संग्रह इंग्लंडमध्ये लॉर्ड मिंटो यांच्या घराण्याकडे होता; १९२५ मध्ये तो विकला गेला आणि त्याची पाने लंडनचे संग्रहालय व चेस्टर बीटी यांच्यात वाटली गेली. तेव्हापासून शिर एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे अशी अवस्था आहे.

आपल्या अभ्यासक्रमांत चित्राला पुरावा मानण्याची सवय कमी. बखर, पोवाडा, पत्र यांचे ‘वाचन’ आपण शिकवतो. चित्र मात्र पुस्तकात मधल्या गुळगुळीत कागदावर येते आणि त्याखाली एका ओळीत नाव छापले की काम झाले. परंतु या दोन चित्रांना जोडून एक तिसरे, शब्दांतले चित्र वाचले म्हणजे त्यांचा जोर कळतो. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके १६१७ मध्ये सुरतेच्या बाजूने मछलीपट्टणकडे खुष्कीने निघाला होता. वाटेत त्याने अंबरची गाठ घेतली. त्याने जे लिहून ठेवले त्यात त्या काळच्या युरोपीय माणसाचे सगळे पूर्वग्रह आहेत. काळ्या लोकांसाठी वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द तो सहज वापरतो, डोळे पांढरट व काचेसारखे असून त्याला शोभत नाहीत असे म्हणतो. आणि त्याच वाक्यांच्या ओघात त्याचा चेहरा जुन्या रोमन माणसासारखा करारी आहे, बांधा उंच व बळकट आहे, लोक त्याला मानतात, त्याच्या राज्यात रस्ते निर्धास्त आहेत, हेही सांगतो. मोख्याला तो किती नाण्यांना विकला गेला तो आकडासुद्धा हा व्यापारी टिपून ठेवतो, शेवटी व्यापारीच. तुच्छता आणि आदर एका परिच्छेदात अशा शेजारी बसलेल्या पाहिल्या म्हणजे अबुल हसन आणि हाशिम यांची पाने एका संग्रहात कशी राहिली असतील याचे आश्चर्य वाटेनासे होते.

आमच्यापैकी काहींचे या विषयाकडे लक्ष वळले ते भूगोलामुळे. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णी आहे, नृसिंहाच्या देवळासाठी प्रसिद्ध. या गावाला मध्य धरून परभणी जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर एकीकडे पाथरी आहे आणि एकीकडे गोदावरीच्या अंगाला सोनपेठ. मलिक अंबरच्या कथेची दोन टोके या दोन गावांत सापडतात, आणि तरीही आपल्या विद्यार्थ्यांना ती दिल्लीच्या किंवा फार तर अहमदनगरच्या इतिहासातली वाटते.

पाथरीचे टोक आधी. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, तिमाप्पा नावाचा. लढाईत पकडला जाऊन बहामनी दरबारात गुलाम झाला, मुसलमान झाला, आणि पुढे राज्याचा वजीर झाला. ही हकीकत फिरिश्ता देतो. हे घराणे पाथरीचे. सत्ता आल्यावर निजामशहांनी वऱ्हाडकरांशी पाथरीसाठी भांडण मांडले ते या वाडवडिलांच्या गावाच्या ओढीने. म्हणजे ज्या राज्याचा उगम पाथरीच्या एका पकडलेल्या मुलात आहे, त्या राज्याचा शेवटचा थोर रक्षक इथिओपियातला एक पकडलेला मुलगा होता. गुलामी ही त्या काळी सत्तेपर्यंत जाणारी एक वाट होती, असे इतिहासकार सांगतात, आणि ते खरे आहे. त्या वाटेवर किती चपू नाव हरवून मेले, हे मात्र कोणत्याही दरबारात लिहिले गेले नाही.

सोनपेठचे टोक १५९७ चे. त्या वर्षाच्या सुरुवातीला गोदावरीकाठी या परिसरात मोगल फौज आणि विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा यांची एकत्रित दक्खनी फौज यांच्यात दोन दिवस घनघोर लढाई झाली. दक्खनी फौजेचा सेनापती सुहैलखान हाही हबशी होता. पहिल्या दिवशी त्याच्या तोफखान्याने मोगलांच्या फौजेचे एक अंग मोडले, खानदेशचा राजा अलीखान पडला, आणि जिंकलो या समजुतीने दक्खनी शिपाई लुटीत पांगले. अंधारात दोन्ही सेनापती थोड्या माणसांनिशी एकमेकांपासून फारसे दूर नव्हते. सकाळी मोगल पुन्हा तुटून पडले. सुहैलखान जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेले. मोगलांचा सेनापती होता अब्दुर्रहीम खानखाना. हिंदीच्या वर्गात ज्याचे दोहे शिकवतात तो रहीम. बाबराच्या आत्मवृत्ताचा फारसीत अनुवाद करणारा, कवींना हात सैल सोडून देणारा हा माणूस आमच्या सोनपेठच्या शिवारात तलवार घेऊन उभा होता, हे आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. रहीमचे पुढचे बरेच आयुष्य अंबरशी लढण्यात, तह करण्यात आणि त्याच्याशी आतून संगनमत असल्याचे आरोप सोसण्यात गेले. रोशनगावचा शाहनवाजखान हा रहीमचाच मुलगा. आणि रहीमचे म्हातारपणीचे उत्कृष्ट चित्र, जे आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात आहे, तेही हाशिमनेच काढलेले. एकाच हाताने दोन्ही वैऱ्यांचे वार्धक्य टिपले.

हे सगळे सांगण्याचे कारण भाषेशी येऊन भिडते. मराठीत मलिक अंबर दोन वेगळ्या ठिकाणी राहतो. पहिले ठिकाण दप्तराचे. त्याने जमिनीची प्रतवारी करून, पिकाचा अंदाज बांधून सारा ठरवला आणि धान्याऐवजी बरीचशी वसुली रोख रकमेत आणली. ही पद्धत ‘मलिकंबरी’ या नावाने पुढे मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्याही महसुली लिखाणात वावरत राहिली. माणसाच्या नावाचे विशेषण व्हावे आणि ते शेतसाऱ्याला लागावे, हा मान भाषा सहसा देत नाही. शिवकाळातच रचल्या गेलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात भातवडीचे वर्णन आहे आणि अंबरच्या शौर्याचा गौरवाने उल्लेख आहे. तिथे तो परका नाही, शहाजीराजांच्या बाजूचा वीर आहे.

दुसरे ठिकाण ऐतिहासिक कादंबरीचे. तिथे हबशी येतो तो बहुधा ‘काळाकभिन्न’ या शब्दाचे बोट धरून. तो दाराशी उभा असतो, त्याचे दात तेवढे पांढरे दिसतात, त्याच्या हातात नंगी तलवार असते, आणि त्याला संवाद नसतो. सिद्दीच्या जंजिऱ्याशी झालेल्या दीर्घ झुंजीमुळे, ‘हबसाण’ या शब्दाभोवती साचलेल्या भीतीमुळे, ही प्रतिमा घट्ट झाली हे समजू शकते. सिद्दीच्या माणसांनी कोकणच्या रयतेला दिलेला त्रास कल्पित नव्हता. पण एका झुंजीतील शत्रूचे वर्णन संपूर्ण वंशाचे वर्णन होऊन बसले, आणि ते लिहिताना आपल्या लेखकांनी नकळत अबुल हसनचा कुंचला उचलला: रंग म्हणजे रात्र, रात्र म्हणजे अशुभ. जहांगीर आत्मवृत्तात अंबरला काळतोंड्या, अभागी अशा शिव्यांवाचून सहसा उल्लेखत नाही. ज्याच्याशी आपल्या पूर्वजांचे वैर होते त्या बादशहाची शिवी आपण वारशाने घेतली आणि ज्याच्या बाजूने आपले पूर्वज लढले त्या सेनापतीला लावली, हा प्रकार आम्हांला खुपतो. प्रश्नपत्रिकेतील ‘व्यक्तिचित्रण करा’ या प्रश्नाची उत्तरे तपासताना ‘काळाकभिन्न पण शूर’ ही शब्दयोजना किती वेळा भेटते! त्यातल्या ‘पण’वर लाल शाईने खूण करावी आणि समासात काय लिहावे हे दर वेळी नव्याने सुचावे लागते.

उलट टोकाची प्रतिमाही अलीकडे तयार झाली आहे. रिचर्ड ईटन यांनी २००५ मधील आपल्या दक्खनच्या सामाजिक इतिहासात एक संपूर्ण प्रकरण अंबरला दिले, न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकी लोकांवर २०१३ मध्ये प्रदर्शन भरवले, आणि अंबर जगभर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या गौरवाचा नायक झाला. आपल्याकडे त्याला गनिमी काव्याचा जनक आणि स्वराज्याचा पाया घालणारा म्हणण्याची प्रथा आहे. यांतल्या अभ्यासाचे मोल मोठे आहे. तामसकरांनी १९७८ मध्ये इंग्रजीत लिहिलेले अंबरचे चरित्रही आदराने वाचावे असे. पण नायक करण्याच्या भरात अंबर हा गुलामांच्या व्यापारावर पोसलेल्या लष्करी व्यवस्थेचा धनीही होता हे मागे पडते. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी करीत होता. दारू पिणाऱ्याच्या घशात शिसे ओतण्याची शिक्षा त्याच्या राज्यात होती, असे तोच डच व्यापारी सांगतो. आणि अंबरने गादीवर बसवलेल्या सुलतानाचा १६१० मध्ये विषाने शेवट झाला, त्याची हकीकतही तो देतो. हाशिमच्या चित्रातला जबडा पाहिला म्हणजे यातले काहीच अशक्य वाटत नाही. त्या चित्राची थोरवी आम्हांला इथेच वाटते. ते अंबरला राक्षस करीत नाही आणि संतही करीत नाही.

हबशी पुरुष दक्खनच्या स्वतःच्या दरबारांत कसा रंगवला गेला, हेही जाता जाता पाहण्यासारखे आहे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाचा वजीर इखलासखान हबशी होता. १६४५ च्या सुमारास हैदर अली आणि इब्राहीम खान या दोन चित्रकारांनी काढलेल्या चित्रात सुलतान हत्तीवर बसला आहे आणि त्याच्या मागे, त्याच हत्तीवर, इखलासखान. दोघांची वस्त्रे सारख्याच डामडौलाची, एकाची त्वचा गोरी, एकाची काळी. घुबड नाही, भाला नाही, रात्र-उजेडाचा श्लेष नाही. रोज ज्याच्याशी कामकाज पडते त्या माणसाचा रंग चित्रकाराला निव्वळ रंग वाटतो.

आणि शेवटी पुन्हा मोगल दरबाराकडे यावे लागते, कारण अंबरवरचा सर्वांत नेमका मृत्युलेख तिथेच लिहिला गेला. युद्धकलेत, सेनापतित्वात, अचूक निर्णयात आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती. दक्खनच्या बंडखोरांना त्याने काबूत ठेवले. आपले मोठेपण त्याने अखेरपर्यंत टिकवले. हबशी गुलाम एवढ्या उंचीला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा आशयाचा मजकूर मुअतमदखानाच्या ‘इकबालनामा’त येतो. हा मुअतमदखान जहांगीरचा बखरनवीस. प्रकृती ढासळल्यावर बादशहाने स्वतःची रोजनिशी लिहिणे सोडले, तेव्हा पुढच्या नोंदी बादशहाच्या नावाने लिहिण्याचे काम त्याने याच माणसाकडे सोपवले होते.